दोन्ही आकडे खरे होते

मी एका लॅबमध्ये क्लिनिकल बायोकेमिस्ट्री बघते, म्हणजे दिवसभर रक्ताचे रिपोर्ट तपासायचे आणि सही करायची. त्यात थायरॉइडचे एवढे असतात की डोळ्यांना सवयच होऊन जाते, टीएसएच वर असेल तर टी४ खाली, टी४ वर असेल तर टीएसएच खाली, तराजूची दोन पारडी असावीत तसं, आणि तसं दिसलं की हात पुढच्या रिपोर्टवर जातो. त्या दिवशी मात्र ती पारडी माझ्यासमोर भलत्याच जागी येऊन थांबली होती. (ओळख पटेल अशा गोष्टी मी बदलल्यात, आकडेही थोडे इकडेतिकडे केलेत, पॅटर्न मात्र तोच आहे.)

सकाळी टेक्निशियनने एक सॅम्पल अडवून ठेवलं होतं. १९ वर्षांची मुलगी. फ्री टी४ २.९, आमची रेंज ०.९ ते १.७. फ्री टी३ ६.१, रेंज ४.४ पर्यंत. आणि टीएसएच २.८, अगदी आरामात नॉर्मल. "मॅडम, दोनदा रन केलं, कंट्रोलही बरोबर आलेत, तरी तेच येतंय."

ज्यांना हे रोजचं नाही त्यांच्यासाठी सांगते. टी४ आणि टी३ ही थायरॉइड ग्रंथी बनवते ती हार्मोन्स. टीएसएच हा मेंदूच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला पाठवलेला हुकूम. रक्तातलं थायरॉइड हार्मोन वाढलं की पिट्युटरीला ते लगेच कळतं आणि ती हुकूम थांबवते, आणि थोडाथोडका नाही, टी४ दुप्पट झालं तर टीएसएच साधारण शंभरपटीने पडतो. म्हणजे या मुलीचा टीएसएच ०.०१ किंवा त्याच्याही खाली हवा होता. तो २.८ आहे याचा अर्थ पिट्युटरी म्हणतेय, सगळं ठीक चाललंय.

अशा वेळी आधी संशय मशीनवर घ्यायचा असतो, तसाच मीही घेतला. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणारे खूप असतात आणि त्या आमच्या काही टेस्टमध्ये गोंधळ घालतात, पण बायोटिनने टी४ खोटं वर जातं तेव्हा टीएसएच खोटा खाली जातो, इथे तो नॉर्मल होता, म्हणजे ते बसत नव्हतं. काहींच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात ज्या टेस्टमधल्या अँटिबॉडीला चिकटतात आणि भलताच आकडा येतो, म्हणून सॅम्पल डायल्यूट करून बघितलं, पीईजी नावाचं रसायन टाकून अँटिबॉडी खाली बसवून बघितलं, वेगळ्या कंपनीच्या मशीनवर चालवून बघितलं. आकडे हलले नाहीत. रक्तातलं अल्ब्युमिन जन्मतःच वेगळं असलं तर ते टी४ ला जास्त घट्ट धरतं आणि टी४ खोटं वाढलेलं दिसतं, पण तिथे टी३ सहसा एवढं वाढत नाही. दुपारपर्यंत माझ्याकडे एकच उत्तर उरलं होतं, दोन्ही आकडे खरे आहेत.

मी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, ती हायपरथायरॉइडची केस आहे, धडधड आहे, नाडी ११०, गळ्याला थोडी सूज, सहा महिने हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, आता थांबवल्यात, पुढच्या आठवड्यात रेडिओआयोडीन देऊन टाकू म्हणतोय. रेडिओआयोडीन म्हणजे ग्रंथी आतून जाळून टाकायची, एकदा दिलं की परत फिरणं नाही. मी विचारलं, गोळ्यांवर असतानाचे रिपोर्ट आहेत का? होते. टी४ वाढलेलंच होतं, जरासं खाली आलेलं, आणि टीएसएच ९ झालेला, गळ्याची सूज उलट वाढलेली. ते ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. टी४ अजून रेंजच्या वर आहे आणि पिट्युटरी ओरडतेय की हार्मोन कमी पडतंय, अजून बनवा. मी त्यांना म्हटलं, सर, रेडिओआयोडीन थोडं थांबवता का, मला मुलीला आणि घरच्या कुणाला तरी एकदा भेटू द्या. ते थांबले, आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे, कारण लॅबमधून आलेल्या फोनवर सगळेच असे थांबत नाहीत.

आता शक्यता दोनच उरतात. एक, पिट्युटरीत टीएसएच बनवणारी गाठ, जी कुणाचं न ऐकता हुकूम सोडत राहते. दुसरी, पिट्युटरी बरी आहे पण तिला हार्मोन नीट कळतच नाही, म्हणजे हार्मोनचा रिसेप्टर, पेशीतलं हार्मोन ओळखणारं प्रोटीन, तोच वेगळ्या घडणीचा आहे. गाठ असेल तर ती एकट्या मुलीत असेल. रिसेप्टरचा दोष असेल तर तो बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, म्हणून घरच्यांचं रक्त बघणं हे स्कॅनच्याही आधी करायचं काम.

चारच्या सुमाराला मायलेकी आल्या. मुलगी गप्प, बोटं सतत चाळवत होती. आईच्या हातात जुन्या रिपोर्टची जाडजूड पिशवी. मी मुलीला विचारत होते, झोप लागते का, अभ्यासात लक्ष लागतं का, ती म्हणाली लहानपणापासून कुठेच लक्ष लागत नाही, शाळेत रोज बोलणी बसायची. आणि मग आई मध्येच बोलल्या, "मॅडम, हिलाही आता माझ्यासारखंच म्हणतील बघा, गोळ्या नीट घेत नाही म्हणून."

मी विचारलं, तुम्हाला कसल्या गोळ्या?

त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन १४ वर्षांपूर्वी झालं होतं, हायपर आहे म्हणून. ग्रंथी जवळजवळ सगळी काढली, तेव्हापासून थायरॉक्सिन चालू. आणि तेव्हापासून एकाच गोष्टीवरून बोलणी खातायत. टीएसएच जास्त आला की डॉक्टर म्हणायचे गोळ्या चुकवता, डोस वाढवला की टी४ वर जायचं मग म्हणायचे जास्त घेता. "मी एक दिवस चुकवली नाही हो," त्या म्हणाल्या, आणि हे मला सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पिशवीकडे बघत होत्या.

मी त्यांचं नाव आमच्या सिस्टीममध्ये टाकलं. तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट निघाला, आमच्याच लॅबचा. फ्री टी४ २.१, टीएसएच ११. खाली टिप्पणी: टी४ व टीएसएच दोन्ही वाढलेले, औषध अनियमित घेऊन तपासणीपूर्वी एकदम घेतल्याची शक्यता. आणि त्याखाली सही माझी.

ही टिप्पणी आमच्या क्षेत्रात कुणीही लिहील. बहुतेक वेळा ती खरीही असते, महिनाभर गोळ्या विसरलेला माणूस तपासणीच्या आधी दोनतीन दिवस भराभर गोळ्या घेतो, टी४ लगेच चढतं, टीएसएचला खाली यायला कित्येक आठवडे लागतात. पण मी तेव्हा एक फोन केला नव्हता, एक जुना रिपोर्ट मागवला नव्हता. एका बाईने खरं सांगितलेलं मी तिला कधी न भेटता खोटं ठरवून ठेवलं होतं, छापून, सही करून. मी त्यांना तिथेच सांगितलं की ताई, हे वाक्य मी लिहिलंय. त्या काही बोलल्या नाहीत. मुलीने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

वडिलांचंही रक्त मागवलं, ते तिन्ही टेस्टमध्ये नॉर्मल आले. मायलेकींचे डीएनए सॅम्पल टीएचआरबी या, म्हणजे त्या रिसेप्टरच्या, जीनच्या सिक्वेन्सिंगसाठी बाहेर पाठवले. दरम्यान गाठ असेल तर सहसा वाढणारी दोन प्रोटीनं, अल्फा सबयुनिट आणि एसएचबीजी, मुलीत नॉर्मल आली, एमआरआयमध्ये पिट्युटरीत काही दिसलं नाही, सगळं गाठीच्या विरुद्ध. महिनाभराने रिपोर्ट आला. दोघींमध्ये तोच बदल. जीनमध्ये एका जागी जी या अक्षराच्या ऐवजी ए, आणि त्यामुळे रिसेप्टरच्या ३२० व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडीन. एकूण ४६१ अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळ असलेलं प्रोटीन, त्यातला एक मणी बदललेला. जगातल्या इतर कुटुंबांमध्ये हा बदल आधी सापडलेला आहे, त्यामुळे शंका राहिली नाही, हा थायरॉइड हार्मोन रेझिस्टन्स, म्हणजे हार्मोन असूनही शरीराला तो नीट न कळण्याचा आजार.

पण मला नुसतं नाव पुरेना, एका अमिनो ॲसिडने एवढं का व्हावं ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. माझी एक मैत्रीण प्रोटीनच्या रचनेवर काम करते, तिने संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर रिसेप्टर स्क्रीनवर उघडला आणि फिरवायला लागली. हार्मोन आधी मला दिसेचना. मी म्हटलं, कुठंय टी३? तिने बाहेरचे थर पुसट केले तेव्हा दिसला, पार आत, चारी बाजूंनी प्रोटीनने गिळलेला. मला आतापर्यंत वाटायचं रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि हार्मोन म्हणजे बाहेरून लावायची किल्ली, कॉलेजात तसंच शिकवतात, पण इथे किल्ली कुलपाच्या पोटात जाऊन त्याचा एक भागच होऊन बसते. १९९५ मध्ये थायरॉइडच्या रिसेप्टरच्या हार्मोन धरणाऱ्या भागाची पहिली रचना प्रसिद्ध झाली तेव्हाच हे कळलं होतं, हार्मोन नुसता चिकटत नाही, तो प्रोटीनचा गाभा पूर्ण करतो, आणि त्याच्याभोवती बाकीचं प्रोटीन घट्ट बसतं.

मग तिने शेवटचा हेलिक्स, म्हणजे प्रोटीनचा स्प्रिंगसारखा वळलेला तुकडा, दाखवला, हेलिक्स १२. हार्मोन आत नसताना हा तुकडा सैल असतो, दाराची कडी उघडी लोंबावी तसा. हार्मोन आत बसला की कडी लागते, हेलिक्स १२ रिसेप्टरच्या अंगाला चिकटून बसतो, आणि ती कडी लागल्यामुळे बाहेरच्या बाजूला एक खाच तयार होते. सगळा खेळ त्या खाचेचा आहे. जीन चालू करणारी मदतनीस प्रोटीनं, कोॲक्टिवेटर, त्या खाचेत येऊन बसतात. आणि कडी उघडी असते तेव्हा जवळपास त्याच जागेत कोरिप्रेसर बसलेला असतो, जीन बंद ठेवणारा, त्याला जरा जास्त लांब जागा लागते, जी कडी लागल्यावर उरत नाही. म्हणजे हार्मोन येतो, कडी लागते, कोरिप्रेसरला जागा पुरत नाही म्हणून तो सुटतो, कोॲक्टिवेटर बसतो, जीन चालू. थायरॉइडचा रिसेप्टर हार्मोन नसतानाही डीएनएवर बसलेलाच असतो, बहुतेक वेळा आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर, आणि नुसता बसून नसतो, जीन दाबून धरून असतो. हे बऱ्याच डॉक्टरांच्याही लक्षात नसतं.

ब्रेस्ट कॅन्सरमध्ये देतात ते टॅमॉक्सिफेन याच कडीवर चालतं. इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरमध्ये ते हार्मोनच्याच जागी बसतं, पण त्याला एक लांब शेपूट असतं जे बाहेर डोकावतं, कडी नीट लागू देत नाही, आणि हेलिक्स १२ उलट त्या खाचेतच जाऊन पडतो, कोॲक्टिवेटरला जागा राहत नाही. १९९८ मध्ये ती रचना छापून आली. आणि त्याच रिसेप्टरच्या ५३७ किंवा ५३८ व्या जागी बदल झाला तर कडी हार्मोन नसतानाही लागलेली राहते, रिसेप्टर कायम चालू, आणि इस्ट्रोजेन बनणं बंद करणारी औषधं मग निकामी होतात. त्या संध्याकाळी हे ऐकताना मला आमच्या लॅबमधून जाणारे किती रिपोर्ट डोळ्यासमोर आले, आम्ही हार्मोन मोजतो, रिसेप्टरची कडी कुणी मोजत नाही.

आता ३२० वा आर्जिनिन. टी३ च्या एका टोकाला कार्बोक्सिल गट असतो, ऋण भाराचा. रिसेप्टरच्या ज्या खिशात हार्मोन बसतो त्याच्या त्या बाजूला तीन आर्जिनिन आहेत, २८२, ३१६ आणि ३२०, तिन्ही धन भाराचे, हार्मोनचं शेपूट धरून ठेवणारे. हिस्टिडीन आखूड, आणि शरीराच्या पीएचला त्याच्यावर बहुतेक वेळा भार नसतोच. म्हणजे तीन हातांपैकी एक आखूड झाला आणि त्याची पकडही गेली. हार्मोन बसतो, पण ढिला बसतो, लवकर सुटतो, मग कडी लागायला आधीपेक्षा जास्त हार्मोन लागतो. जास्त हार्मोन दिला तर लागतेच. म्हणूनच मुलीचं शरीर गोळ्या नसताना व्यवस्थित सांभाळून होतं, पिट्युटरीने टी४ २.९ पर्यंत नेऊन ठेवलं आणि तिच्या दृष्टीने हिशोब जुळला, टीएसएच २.८. आम्ही गोळ्या देऊन तो हिशोब मोडत होतो.

मी मैत्रिणीला विचारलं, पण जीनची दुसरी प्रत तर चांगली आहे ना, निम्मे रिसेप्टर तर धड आहेत? हा प्रश्न या आजारात सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. या आजाराचं पहिलं वर्णन १९६७ मध्ये सॅम्युएल रेफेटॉफ आणि सहकाऱ्यांनी केलं, एकाच घरातली भावंडं, टी४ भरपूर पण लक्षणं भलतीच, ऐकू न येणं, गळ्याला सूज. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्या मुलांमध्ये या रिसेप्टरचा जीन दोन्ही प्रतींमधून गेलेलाच होता. आणि त्यांच्या आईवडिलांकडे एकेकच प्रत होती, तरी त्यांचे थायरॉइडचे रिपोर्ट नॉर्मल होते. म्हणजे निम्मा रिसेप्टर नसला तरी चालतं. पण निम्मा वाकडा असला तर चालत नाही, कारण वाकडा रिसेप्टर गायब होत नाही, तो डीएनएवर चांगल्याच्याच जागी जाऊन बसतो, जोडीदारही धरून ठेवतो, कोरिप्रेसरही सोडत नाही, आणि शेजारच्या चांगल्या रिसेप्टरला काम करू देत नाही. नसण्यापेक्षा वाकडं असणं जड जातं, आणि हे केवळ आकारामुळे. या आजाराचे बदल मुख्यतः हार्मोनच्या खिशाभोवती तीन पट्ट्यांमध्ये गोळा झालेले सापडतात, डीएनए धरणाऱ्या भागात सापडत नाहीत, तेही याचमुळे, डीएनए धरताच आला नाही तर तो रिसेप्टर कुणाची वाटही अडवू शकणार नाही.

आणि धडधड का? थायरॉइडचे रिसेप्टर दोन जीनवरून बनतात, अल्फा आणि बीटा. पिट्युटरी आणि लिव्हरमध्ये मुख्यतः बीटा, हृदयात आणि हाडांमध्ये मुख्यतः अल्फा. दोघींचा बीटा बिघडलेला, अल्फा शाबूत. दोन्हींचे खिसे इतके सारखे की हार्मोनच्या अगदी जवळ एकाच अमिनो ॲसिडचा फरक आहे, अल्फात सेरीन, बीटात ॲस्पॅराजिन. एवढ्याशा फरकावर आता औषधं बनतायत, बीटाला जास्त पसंत करणारी, त्यातलं रेस्मेटिरोम लिव्हरच्या आजारासाठी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

मायलेकींना सांगायला मी आणि त्यांचे डॉक्टर एकत्र बसलो. ३२० वगैरे काही बोलले नाही. म्हटलं, ताई, तुमच्या शरीरातल्या काही अवयवांना थायरॉइडचा आवाज कमी ऐकू येतो, म्हणून ग्रंथी मोठ्याने बोलते. हृदयाचे कान मात्र चांगले आहेत, त्याला तो आवाज मोठाच ऐकू येतो, म्हणून ते धावतं. आम्ही आवाज कमी करायला गेलो की बाकीचे म्हणतात ऐकू येत नाही, अजून जोरात. मुलगी पटकन म्हणाली, मग माझी ग्रंथी बरोबरच करतेय ना? हो, बरोबरच करतेय. तिच्या गोळ्या परत सुरू केल्या नाहीत, रेडिओआयोडीन रद्द, धडधडीसाठी फक्त बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणारं औषध (त्यातला बीटा वेगळा, या रिसेप्टरचा नाही). आईंचं अवघड आहे, त्यांच्याकडे मोठ्याने बोलायला ग्रंथीच उरलेली नाही, तो आवाज बाहेरून द्यायचा. डॉक्टरांनी थायरॉक्सिन सावकाश वाढवायचं ठरवलं, टीएसएच नॉर्मलच्या जवळ येईपर्यंत, टी४ रेंजच्या वर राहील आणि तसंच राहू द्यायचं, हृदय आणि हाडं बघत बघत.

निघताना आईंनी विचारलं, "त्या जुन्या रिपोर्टवरचं वाक्य काढता येतं का?" सही झालेला रिपोर्ट बदलता येत नाही, नियमच आहे आणि तो योग्य आहे. पण पुरवणी जोडता येते. मी त्यांच्यासमोरच सिस्टीम उघडली आणि लिहिलं: वरील टिप्पणी चुकीची होती. रुग्णाला थायरॉइड हार्मोन रेझिस्टन्स आहे, बीटा रिसेप्टरमध्ये बदल सिद्ध झाला आहे. टी४ आणि टीएसएच एकाच वेळी वाढलेले असणे या आजाराशी सुसंगत आहे, औषध न घेण्याशी त्याचा संबंध नाही. त्या खुर्चीवर बसून शेवटपर्यंत वाचत होत्या, मग म्हणाल्या, दोन प्रती द्या, एक घरी दाखवायचीय.